शिशाच्या वजनांवरचे पावडर कोटिंग सुटते? आधी टरफल उलटून बघा

गळाला लावायच्या, घरी ओतलेल्या शिशाच्या वजनांवर पावडर कोटिंग (कोरड्या पावडरीचा, ओव्हनमध्ये भाजून घट्ट करायचा रंग) केले, ओव्हनमधून काढले तेव्हा झकास दिसले. उजनी धरणाच्या कडेला चार-दोन वेळा गळ टाकला, वजन काळ्या पाषाणावर घासले आणि रंग टरफलासारखा निघून आला. ही तक्रार दर पावसाळ्याच्या तोंडाला हमखास येते. बहुतेक जण पहिला दोष पावडरला देतात, दुसरी कंपनी, दुसरा रंग घेऊन बघतात आणि पुन्हा तेच होते. पावडर खराब निघण्याचे प्रसंग कमी असतात. बहुतेकदा दोष शिशाच्या पृष्ठभागात असतो, नाहीतर ओव्हनच्या आकड्यात. कोणता, ते निघालेले टरफलच सांगते, म्हणून ते फेकू नका.

टरफल नखाने उचला, उलटे करा आणि उजेडात बघा.

आतली बाजू राखाडी असेल, बोटाला काळपट लागत असेल, तर पावडर शिशाला चिकटलीच नव्हती. ती चिकटली होती शिशावरच्या ऑक्साइडला किंवा साच्याच्या काजळीला, आणि तो थर सुटला तेव्हा रंग घेऊन आला. आतली बाजू स्वच्छ, चकचकीत असेल आणि खालचे शिसेही स्वच्छ असेल, तर मध्ये तेल होते. साच्याला लावलेले, हाताचे किंवा पुसायच्या फडक्याचे. आत पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर बोअरच्या पाण्याचा क्षार आहे, किंवा दमट जागी पडून राहिलेल्या शिशावर चढलेला पांढरा थर आहे. आणि टरफल दुमडले की काचेसारखे कडकन तुटत असेल, ॲसिटोनने चिकट होत असेल, तर खाली काहीही असो, पावडर पुरती भाजलेलीच नाही.

दोन कारणे एकत्रही असतात. तेल आणि कच्चे भाजणे ही जोडी तर फारच नेहमीची.

कच्चे भाजलेले कसे ओळखायचे

दोन चाचण्या पुरतात. पहिली ॲसिटोनची. कोटिंग केलेले वजन पूर्ण गार झाल्यावर पांढऱ्या सुती कापडावर ॲसिटोन घ्या आणि एकाच जागी वीस वेळा पुढे-मागे घासा. कापडाला किंचित रंग लागला तर चालते, पॉलिएस्टर पावडरीत तेवढे होतेच. पण घासलेली जागा मऊ पडली, नख रुतले किंवा चकाकी जाऊन खरखरीत झाली, तर ते कच्चे आहे. नेलपॉलिश रिमूव्हर यासाठी वापरू नका, आता बऱ्याच बाटल्यांत ॲसिटोन नसतेच आणि वर तेलकट घटक असतात.

दुसरी हातोडीची. दहा-पंधरा ग्रॅमचे एक वजन लोखंडी ठोकळ्यावर ठेवून निम्म्या जाडीपर्यंत चपटे करा. नीट भाजलेले कोटिंग शिशाबरोबर ताणले जाते, कडेला बारीक भेगा पडल्या तरी पापुद्रे उडत नाहीत. पापुद्रे उडाले तर तो सगळा घाणा पुन्हा करायचा. प्रत्येक घाण्यातले एक वजन असे बळी द्यावे. फुकट जात नाही, पुन्हा वितळवता येते.

आता ओव्हन. पावडरीच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकावर १८० ते २०० अंश आणि १० मिनिटे असे काहीसे लिहिलेले असते. तो आकडा धातूच्या तापमानाचा असतो, ओव्हनच्या डायलचा नव्हे, आणि १० मिनिटे धातू त्या तापमानाला पोचल्यानंतर मोजायची असतात. सगळी फसगत इथेच आहे.

शिशाला तापायला उष्णता फार लागत नाही. त्याची उष्णताधारकता पाण्याच्या सुमारे बत्तिसाव्या भागाइतकीच आहे. ३० ग्रॅमची साठ वजने, म्हणजे १.८ किलो शिसे, ३० अंशांवरून २०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ४० किलोज्यूल पुरतात. १२०० वॉटच्या ओटीजीने, म्हणजे घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनने, हे हिशेबात अर्ध्या मिनिटाचे काम. प्रत्यक्षात बारा-पंधरा मिनिटे लागतात, कारण ओव्हनमधली स्थिर हवा धातूला उष्णता अगदी सावकाश देते आणि जाड ट्रे मध्येच बरीच खाऊन टाकतो. त्यात दिवा लागला, डायल २०० वर आहे, म्हणून घड्याळ सुरू केले की बहुतेक वेळ शिसे तापण्यातच जातो.

यावर उपाय एकच, धातूचे तापमान मोजणे. ओतताना साच्यात मापाचा एक गुळगुळीत पोलादी खिळा उभा धरून एका वजनात २ मिलिमीटरचे भोक ठेवा. मल्टिमीटरबरोबर मिळणारी, तापमान मोजणारी के टाइप थर्मोकपलची तार त्या भोकात घाला आणि ते वजन ट्रेच्या मधोमध ठेवा. आकडा १८० ला गेला की तिथून मोजणी सुरू. दोन-तीन घाण्यांत तुमच्या ओव्हनला किती मिनिटे लागतात ते कळते, मग दर वेळी तार लावायची गरज नाही. इन्फ्रारेड बंदूक इथे नको. चकचकीत शिशावर ती भलताच कमी आकडा दाखवते.

डायलवर विसंबू नका हेही त्यातच आले. साध्या ओटीजीचा थर्मोस्टॅट २०–३० अंशांनी इकडे-तिकडे असणे ही नवलाची गोष्ट नाही. आणि सोलापुरात उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरले की दुसरीच अडचण. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० ऐवजी १९५ व्होल्ट आले तर हीटर ७२ टक्केच उष्णता देतो. काल पंधरा मिनिटांत झालेला घाणा आज बावीस मिनिटे घेतो आणि आपण मात्र काल ठरवलेल्या वेळी ट्रे बाहेर काढतो. उन्हाळ्यात शक्यतो सकाळी भाजा.

ओव्हनच्या तापणाऱ्या सळया अगदी जवळ असतील तर त्यांच्या थेट झळेने वजनांची एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. पांढरा आणि पिवळा रंग पिवळट-तपकिरी पडला की हेच झालेले असते. ट्रे मधल्या खाचेत ठेवा आणि खालच्या सळईवर ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा घाला. ओव्हनला पंखा असेल तर निम्मा त्रास कमी.

शिशात काय मिसळले आहे

शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते. त्यामुळे २०० अंशांत काही होणार नाही असे वाटते आणि शुद्ध शिशापुरते ते खरेही आहे. पण भंगारातून आणलेले शिसे शुद्ध असेलच असे नाही. त्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे सोल्डर वितळवून घातलेले असेल तर गोष्ट वेगळी. कथील आणि शिशाचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण, सुमारे ६२ टक्के कथील, १८३ अंशांनाच वितळते. कथील थोडे असले तरी गार होताना ते शेवटी शिशाच्या कणांच्या फटींत साचते आणि पुढे ओव्हनमध्ये पहिल्यांदा तेच पाझरते. वजनाला घाम फुटल्यासारखे बारीक चकाकते थेंब येतात, पावडर त्या थेंबांवर फुगते आणि गार झाल्यावर तिथूनच सुटते. कधी अख्खे वजन बसकण मारते, ट्रेला चिकटते.

म्हणून कोटिंग करण्याआधी उघडी वजने ओव्हनमध्ये २१० अंशांवर १५ मिनिटे तापवून घ्या. याने दोन कामे होतात. आत अडकलेला ओलावा आणि वायू आधीच निघून जातो आणि सोल्डरचा भेसळमाल उघडा पडतो. थेंब आले तर तो घाणा कोटिंगला ठेवू नका, तसाच वापरा. ही एकच पायरी पाळली तरी बुडबुड्यांच्या निम्म्या तक्रारी संपतात.

टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजने चांगली, त्यांत थोडे अँटिमनी असते आणि शिसे कठीण होते. पण आता त्यांत जस्ताची आणि लोखंडाची वजनेही भरपूर असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून शिसे ३५० अंशांच्या आसपास वितळवले तर जस्ताचे तुकडे वर तरंगत राहतात आणि झाऱ्याने काढता येतात. भट्टी जास्त तापवली की ते मिसळते, शिसे लापशीसारखे घट्ट होते आणि साचा भरत नाही. नरम शिशाचा आणखी एक तोटा असा की वजन दगडावर आपटून दबते, कोटिंग तेवढे दबू शकत नाही आणि तिथे भेग पडते. दोनेक टक्के अँटिमनीवाले शिसे त्यासाठी बरे. नुसते केबलवरचे नरम शिसे असेल तर कोटिंगकडून फार अपेक्षा ठेवू नका.

बॅटरीच्या प्लेटा मात्र कधीही घेऊ नका. त्यांतला आर्सेनिक, अँटिमनी आणि कॅल्शियम वरच्या मळीत उतरतो आणि मळीला पाणी लागले की अतिविषारी वायू निघू शकतात. जुनी बॅटरी फोडायची नाही, विक्रेत्याकडे परत द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनीही तेच सांगितले आहे.

पृष्ठभाग

साचा थंड असताना ओतलेल्या वजनावर सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्यांत काजळी आणि तेल बसते, पुसून निघत नाही आणि कोटिंगला तिथेच बुडबुडा येतो. पहिली चार-पाच वजने साचा तापवण्यापुरती समजून परत कढईत टाका. साचा फार तापला तर वजन दुधी, खरबरीत निघते. दिसायला वाईट, पण कोटिंगला उलट चांगले, पकड मिळते. तेवढ्यासाठी ते नापास करू नका.

ओतण्याच्या तोंडाची कापलेली कड आणि साच्याच्या सांध्यावरची पात ही दोन ठिकाणे सगळ्यात आधी उघडी पडतात. पावडर वितळली की तीक्ष्ण कडेवरून मागे सरते आणि कडेवर थर नावाला उरतो. कड सुरीने तासून गोल करा. कानस किंवा पॉलिश पेपर कोरडा चालवू नका, शिशाची धूळ हवेत जाते. तासल्यानंतरची कातरण ओल्या कागदावर गोळा करून परत वितळवायच्या डब्यात टाका.

धुण्याबद्दल मतभेद फार आहेत. आमचे मत स्पष्ट आहे, पाणी वापरूच नका. सोलापुरातल्या बोअरच्या पाण्याला क्षार भरपूर. त्या पाण्याने धुतलेले वजन वाळले की त्यावर पांढरे ठसे राहतात आणि कोटिंगखाली तेच ठसे पाणी ओढून फोड आणतात. साबण लावायचाच असेल तर शेवटचे खळखळणे बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने करा. त्यापेक्षा ॲसिटोन सोपे. दोन झाकणाच्या बरण्या घ्या. पहिल्या बरणीतले ॲसिटोन तेल काढते, पण काही वेळाने त्यातच तेल साचते आणि तेच पुढच्या वजनांना लागते. दुसऱ्या, स्वच्छ बरणीत प्रत्येक वजन पुन्हा बुडवायचे. पहिल्या बरणीचा रंग बदलला की ती टाकून दुसरी पहिलीच्या जागी. ॲसिटोनची वाफ पेट घेते, म्हणून हे काम भट्टी आणि ओव्हन बंद असताना, उघड्यावर.

पुसायला कापड कोणते, हा प्रश्न सोलापुरात विचारायचा तर टॉवेलच्या चिंध्या हे उत्तर ठरलेले. नेमक्या त्याच नकोत. टेरी टॉवेलचे तंतू सुटून वजनाला चिकटतात आणि कोटिंगमध्ये केसासारखे उभे दिसतात. अनेकदा धुतलेले जुने धोतर किंवा पातळ सुती चादर घ्या. पुसल्यावर उघड्या बोटांनी हात लावू नका, हातमोजे घाला, चिमटा वापरा.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी शिसे घासू नका. पितळेची सवय इथे अंगाशी येते. व्हिनेगरने शिशाचे पाण्यात विरघळणारे क्षार तयार होतात आणि ते सरळ विष आहेत. शिसे लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात महिनोन्महिने ठेवले तरी लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरा थर चढतो. असा थर आला की घासून उडवू नका. ते वजन कोटिंगला बाद, ओल्या फडक्याने पुसून परत ओतायला. ओतलेला माल आठवड्याभरात कोटिंग करून मोकळे व्हा, तोवर प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवा.

पावडर बसतच नाही

हा दुसरा प्रकार. इथे कोटिंग सुटत नाही, कारण ते मुळात चढतच नाही. डब्यात घुसळायच्या पद्धतीत पावडर प्लॅस्टिकवर घासून विद्युतभारित होते आणि धातूला चिकटते. हा भार हवेतल्या ओलाव्याने गळून जातो. सोलापुरात मार्च ते मे हवा कोरडी, तेव्हा दोन मिनिटांत वजने गच्च माखतात. जून उजाडला की तीच पावडर, तोच डबा आणि वजने अर्धी उघडी. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताला वीज चढून ते अंगाला चिकटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओलावा ठेवतात. आपल्याला नेमके त्याच्या उलट हवे आहे.

हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असताना काम करा. घड्याळाएवढे डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळते. पावसाळ्यात दुपारी ऊन पडल्यावर, खिडक्या बंद करून, खोली थोडी तापवून घेतली तर बऱ्याचदा जमते. पावडर रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. ओव्हनमध्ये सुकवायची हौस करू नका, गोळा होईल. डबा आणि आतल्या प्लॅस्टिकच्या गोळ्या हेअर ड्रायरने कोरड्या करा.

डबा पॉलिप्रॉपिलीनचा हवा, म्हणजे खाली त्रिकोणात ५ आकडा असलेला. स्टीलच्या डब्यात भार टिकत नाही. खेळण्यातल्या बंदुकीच्या ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या डब्याच्या तळाला एक थर बसेल एवढ्या घ्या, त्यावर एक सपाट चहाचा चमचा पावडर आणि १०–१५ ग्रॅमची तीस-चाळीस वजने. झाकण लावून गोल गोल फिरवा, एक ते दोन मिनिटे. जोरात हापसू नका, वजने एकमेकांवर आपटून खळगे पडतात. पावडर जास्त घातली की जास्त चढते हा समज चुकीचा, भार नसलेली पावडर फक्त सैल बसते आणि उचलताना गळून पडते. वजने चिमट्याने उचला, चिमटा डब्याच्या कडेवर हलकेच टकटकवून सैल पावडर झटका आणि नॉनस्टिक शीटवर उभी ठेवा. एकमेकांना लागू देऊ नका. चिमट्याच्या टोकाची दोन ठिपक्यांएवढी जागा उघडी राहते, ती शक्यतो तारेच्या कडीजवळ येऊ द्या.

रंगाचाही फरक पडतो. साध्या चकचकीत पॉलिएस्टर पावडरी डब्यात सर्वांत सोप्या. धातूच्या चमकीच्या पावडरी घुसळून नीट बसत नाहीत, चमकी वेगळी आणि रंग वेगळा पडतो. त्यांना पावडर फवारणारी गनच हवी. पांढरा आणि पिवळा झाकणाला कमी, त्यामुळे दोन हात लागतात. एपॉक्सी-पॉलिएस्टर मिश्र पावडर स्वस्त मिळते, चिकटतेही छान, पण उन्हात खडूसारखी पांढरट पडते. नदीकाठच्या वापराला शुद्ध पॉलिएस्टर घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कोटिंगवाल्याकडून उरलेली अर्धा-एक किलो पावडर घेत असाल तर हा प्रश्न आधी विचारा आणि डब्यावरचा भाजण्याचा आकडा लिहून घ्या.

उन्हाळ्याचा त्रास वेगळा. या पावडरी ५०–६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी ठेवलेला डबा त्याच्या जवळ जातो आणि पावडरीच्या गाठी होतात. बोटाने दाबून गाठ फुटली तर मलमलच्या कापडातून चाळून वापरा. फुटली नाही तर टाका, ती भाजली तरी संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग देईल. घट्ट झाकणाची बरणी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको. अन्नाशेजारी नको हे तर आहेच, शिवाय गार बरणी उघडली की हवेतला ओलावा पावडरीवर धरतो.

मोठी वजने आणि फोड

३० ग्रॅमच्या वरची वजने डब्यात घुसळू नका. त्यांना तापवून बुडवण्याची पद्धत बरी. वजन तारेला अडकवून १६० अंशांपर्यंत तापवा आणि पावडरीत एक ते दोन सेकंद बुडवून काढा. पावडर भुसभुशीत हवी. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला खालून गाळण कागद लावून त्याखाली माशांच्या टाकीचा छोटा हवापंप जोडला की पावडर उकळल्यासारखी हलते आणि सगळीकडे सारखी लागते.

चूक होते ती सेकंदांत. तीन-चार सेकंद ठेवले की थर दीडशे मायक्रॉनच्या वर जातो. बाजारात टीजीआयसी (पावडर भाजताना घट्ट करणारे विषारी रसायन) नसलेल्या म्हणून मिळणाऱ्या पॉलिएस्टर पावडरी भाजताना थोडी पाण्याची वाफ सोडतात. ६० ते ८० मायक्रॉनच्या थरातून ती सहज निघून जाते, जाड थरात अडकते आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. त्या छिद्रांतून पाणी आत, मग फोड, मग टरफल. म्हणून पावडर बदलू नका, वेळ कमी करा. टीजीआयसीवाली पावडर फोडांना कमी बळी पडते हे खरे, पण घरच्या कामाला तिच्या धुळीचा धोका घेण्याएवढे त्यात काही नाही.

फोड फक्त तारेच्या कडीभोवती येत असतील तर कारण वेगळे. तार आणि शिसे यांच्या मधल्या बारीक फटीत तेल किंवा ॲसिटोन राहते आणि ओव्हनमध्ये उकळून वर येते. आधी २१० अंशांवर तापवण्याची पायरी गाळलेली असते. कडीचे भोक पावडरीने बुजू नये म्हणून तिला उष्णता सहन करणारी सिलिकॉनची नळी किंवा टेप लावा. बुजलेच तर तापलेल्या दाभणाने मोकळे करा, ड्रिलने करायला गेलात तर कड उचलली जाते.

दुसरा हात द्यायचा असेल तर पहिला पूर्ण भाजून गार झाल्यावर ओल्या स्कॉचब्राइटने चकाकी मोडा, पुसा, सुकवा. चकचकीत भाजलेल्या थरावर दुसरा थर नुसता बसतो, धरत नाही. तुटलेल्या जागेवर ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

जी काळजी टाळता येत नाही

हे काम स्वयंपाकघरात नाही, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया असतील त्या घरात नाही. एकदा शिशाला लावलेला ओव्हन पुन्हा पावाला लावायचा नाही. त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. वितळवताना उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून, बंद बूट, चष्मा, चामड्याचे हातमोजे. ओला तुकडा किंवा ओली पळी वितळलेल्या शिशात गेली तर वाफेने उसळून अंगावर येते. पावसाळ्यात भंगार आधी उन्हात सुकवा. पावडर घुसळताना धुळीचा मास्क लावा आणि जवळ उदबत्तीसुद्धा पेटती नको, हवेत उडालेली पावडर भडका घेऊ शकते. काम झाल्यावर हात साबणाने धुऊनच पाणी प्या. कपडे वेगळे धुवा.

आणि कोटिंग केले म्हणून शिसे निरुपद्रवी होत नाही. एकदा टरफल गेले की तेच उघडे शिसे पाण्यात. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, बाकीचे पाणपक्षी तर बारमाही, आणि तळाची बारीक वजने ते खड्यांबरोबर गिळू शकतात. ब्रिटनने गळाच्या २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर १९८७ मध्येच बंदी घातली ती याच कारणाने. अगदी छोटी वजने पोलादाच्या नटाची केली तर कोटिंगही नको आणि भट्टीही नको.

राहिला बाद झालेला माल. रंग चढलेली वजने परत वितळवता येतात, पण पॉलिएस्टर जळताना दाट, डोळे झोंबणारा धूर निघतो आणि कढईत ज्वाळ येते. ती थंड कढईत घालून हळूहळू तापवा, वितळलेल्या शिशात टाकू नका. धूर पूर्ण थांबेपर्यंत वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. वर आलेली काळी मळी झाऱ्याने काढून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात साठवा. तिच्यात शिसे भरपूर असते, ती बागेत किंवा गटारात टाकायची नाही. डबा भरला की शिशाचे भंगार घेणाऱ्या परवानाधारक रिसायकलरला द्या.